मळ नव्हे, खूण : मानेवरच्या काळेपणाचा एक अभ्यास

मंडळाच्या यंदाच्या अभ्यासवर्गासाठी ‘शरीर आणि शब्द’ हा विषय ठरला, तेव्हा कुणी डोळे घेतले, कुणी हात, कुणी पाऊल. मी मान घेतली. तीही मागची बाजू, जी आपली आपल्याला दिसत नाही आणि मागच्या बाकावरच्या सगळ्यांना दिसते. काही जणांच्या मानेवर तिथे एक काळपट, जाडसर पट्टा असतो. तो बघून आपल्या घराघरांत एकच वाक्य ऐकू येतं : “अंघोळ करताना मान घासत नाहीस का?”

हा लेख त्या वाक्याबद्दल आहे. ते वाक्य शरीराच्या बाजूने का चुकतं आणि भाषेच्या बाजूने का टोचतं, हे दोन्ही बघायचं आहे. मी साहित्याची विद्यार्थिनी आहे, डॉक्टर नाही. तेव्हा हे सगळं समजून घेण्यापुरतं. निदान आणि औषध डॉक्टरांकडूनच.

१. आधी शब्द

मराठीत ‘मळ’ हा शब्द लांबवर पसरलेला आहे. कपडा मळतो, रंग मळखाऊ असतो, आभाळावर मळभ येतं. इथपर्यंत ठीक आहे. पण पुढे मनही ‘निर्मळ’ असतं, म्हणजे मळ अंगावरून उठून स्वभावावर जाऊन बसतो. म्हणून एखाद्या मुलाला किंवा मुलीला “मानेवर मळ साचलाय” म्हटलं की त्यात तीन गोष्टी एकदम येतात : तू अस्वच्छ आहेस, तू आळशी आहेस, तुला घरचं वळण नाही. कोकणीत हाच शब्द ‘म्हेळ’ होतो, आणि बेळगावकडे कन्नड शेजारी ‘कोळे’ म्हणतात. गोव्यात आणि सीमाभागात वाढलेल्या मुलाला तिन्ही भाषांत बोलणी बसतात आणि अर्थ तोच राहतो.

त्यात रंगाची भर पडते. आपल्याकडे काळं म्हणजे वाईट, हे न बोलता शिकवलं जातं. मुलगी असेल तर लगेच लग्नाचा विचार, साखळी शोभेल की नाही याचा विचार.

समीक्षेच्या तासाला आम्हाला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं की आधी वर्णन करा, निर्णय नंतर. ‘काळपट, जाडसर पट्टा’ हे वर्णन झालं. ‘मळ’ हा निर्णय झाला, आणि तोही पुरावा न बघता दिलेला. म्हणून आता नीट वर्णन करू.

२. दिसतं कसं

हा पट्टा बहुतेक वेळा मानेच्या मागे आणि बाजूंना, काखेत, जांघेत येतो. कोपरांवर, बोटांच्या सांध्यांवर, स्तनांखालच्या घडीतही येऊ शकतो. रंग तपकिरीपासून काळ्यापर्यंत. हात फिरवला तर त्वचा मखमलीसारखी लागते, थोडी जाड, आणि नेहमीच्या घड्या जास्त खोल दिसतात. त्याच भागात कधी कधी बारीक लोंबते मांसाचे दाणे, ज्यांना आपण चामखीळ म्हणून मोकळे होतो, तेही असतात. दुखत नाही, सहसा फारसं खाजतही नाही. एकाकडून दुसऱ्याला होत नाही.

आणि घासून जात नाही. साबण, दगड, काथ्या, लिंबू, कशानेही नाही. मळ असता तर गेला असता.

मानेवरचा प्रत्येक काळेपणा हाच असतो असं मात्र नाही. गजकर्णाची कडा गोल असते आणि ते खाजतं. खोट्या साखळीने कातडी चिडली तर काळेपणा साखळीच्या रेषेत येतो. म्हणून एकदा त्वचारोगतज्ज्ञाला दाखवणं बरं. अनुभवी डॉक्टर बहुतेक वेळा नुसतं बघून ओळखतात.

३. नावाची गोष्ट

वैद्यकशास्त्रात याला ‘अकँथोसिस निग्रिकन्स’ म्हणतात. पहिला शब्द ग्रीकमधून आला, ‘अकांथा’ म्हणजे काटा. दुसरा लॅटिन, अर्थ ‘काळपट होणारा’. ‘अकँथोसिस’ म्हणजे त्वचेतल्या काटेरी दिसणाऱ्या पेशींचा थर जाड होणं. गंमत अशी, की सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर तो थर फारसा जाड नसतोच. जाड असतो तो सगळ्यात वरचा केराटिनचा थर, आणि खालची त्वचा बारीक उंचवट्यांनी वर आलेली असते. काळेपणा मुख्यतः त्यामुळेच दिसतो. रंगद्रव्य वाढल्यामुळे नव्हे. म्हणजे नावातला पहिला शब्द पुरता खरा नाही, आणि दुसरा शब्द रंगाबद्दल बोलतो पण रंगाचं कारण सांगत नाही. शास्त्रातही नावं घाईने पडतात, हे मला वाचताना आवडलं.

या विकाराच्या पहिल्या सविस्तर नोंदी १८९०-९१ च्या सुमारास युरोपात छापल्या गेल्या. हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पॉल गेर्सन उन्ना यांच्याशी संबंधित असलेल्या दुर्मीळ त्वचारोगांच्या चित्रसंग्रहात पोलिट्झर आणि यानोव्स्की या दोघांनी आपापले रुग्ण मांडले. पुढे लवकरच लक्षात आलं की अशा काही रुग्णांच्या पोटात कॅन्सर असतो. त्यामुळे बराच काळ हा काळेपणा म्हणजे भयंकर काहीतरी, अशी डॉक्टरांची समजूत होती.

चित्र बदललं ते १९७६ मध्ये. अमेरिकेत सी. रोनाल्ड कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा काळेपणा असलेल्या काही रुग्णांचा अभ्यास छापला. त्यांच्या रक्तात इन्सुलिन भरपूर होतं, पण शरीर त्या इन्सुलिनला दाद देत नव्हतं. तिथून हा पट्टा त्वचारोगाच्या पुस्तकातून निघून मधुमेहाच्या पुस्तकात शिरला.

४. आत काय घडतं

जेवल्यावर रक्तात साखर वाढते. स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. इन्सुलिनचं काम असं, की स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींना सांगायचं, ‘दार उघडा, साखर आत घ्या’, आणि यकृताला सांगायचं, ‘तू आता साखर सोडू नकोस’. समजा, इन्सुलिन दारावरची कडी वाजवतं. काही लोकांत, विशेषतः पोटाभोवती आणि यकृतात चरबी साठली की, या पेशींना कडी नीट ऐकू येत नाही. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन पाठवतं, म्हणजे कडी जोरात वाजते. दार उघडतं, साखर आत जाते, रक्ततपासणीत साखर ‘नॉर्मल’ दिसते. पण आवाज वाढलेलाच राहतो. याला इन्सुलिनला होणारा प्रतिरोध म्हणतात. वर्षानुवर्षं असं चाललं आणि एक दिवस स्वादुपिंड दमलं, की साखर वाढू लागते आणि आपण म्हणतो, “याला शुगर झाली.”

आता त्वचेकडे येऊ. शरीरात इन्सुलिनसारखीच रचना असलेलं दुसरं एक वाढीचं संप्रेरक असतं. त्याच्यासाठी त्वचेच्या पेशींवर वेगळी दारं असतात. इन्सुलिन बेताचं असेल तर ती दारं त्याच्याकडे लक्ष देत नाहीत. पण कडी फार जोरात वाजली की शेजारची दारंही उघडतात. त्वचेच्या पेशी समजतात, आपल्याला वाढायला सांगितलंय, आणि त्या वाढू लागतात. घड्यांच्या जागी हे जास्त दिसतं. मानेवरचा पट्टा म्हणजे शेजाऱ्यांनी ऐकलेला तो आवाज.

हे कळलं की ब्लीच आणि गोरं करणाऱ्या क्रीमचा उपयोग का होत नाही तेही कळतं. ती रंगावर काम करतात, आणि इथे मूळ तक्रार रंगाची नाहीच. उलट अशा काही क्रीममध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं. ते डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय महिनोन् महिने लावलं तर कातडी पातळ होते.

५. कुणाला होतं

सगळ्यात जास्त दिसतो तो वाढलेल्या वजनाबरोबर. त्यानंतर टाइप २ मधुमेह किंवा त्याच्या आधीची पायरी. मुलींमध्ये पीसीओएस, ज्यात पाळी लांबते, चेहऱ्यावर लव वाढते, मुरुमं येतात. थायरॉइड कमी असणं, शरीरातलं कॉर्टिसॉल वाढणं, स्टेरॉइडसारखी काही औषधं, ही आणखी कारणं. काही घरांत तो जन्मतः किंवा लहानपणापासून असतो आणि त्यामागे काहीच आजार नसतो.

“पण मी तर बारीक आहे!” असं कुणी म्हणेल. इथे पुण्याचं एक काम सांगायला हवं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकापासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं वजनाने हलकी असतात, पण त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी जास्त असते, हे त्यातून पुढे आलं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणजे काटा सारखा, आतला हिशेब वेगळा. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ पासूनच सावध राहायला सांगतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटीमीटर, बायकांत ८० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात. शिंप्याची टेप घरात असतेच.

आणि आपलं गोवं? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. देशात प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के. गोव्यात २६.४ टक्के, सगळ्या राज्यांत सर्वात जास्त. म्हणजे चार मोठ्या माणसांत एक. आपल्या वर्गातल्या कुणाच्या ना कुणाच्या घरी फ्रीजमध्ये इन्सुलिन आहे, हे यावरून कळावं.

६. माझी स्वतःची नोंद

मी अकरावीत बेळगावला होते तेव्हा माझ्या मानेवर हा पट्टा आला. आजी दर रविवारी बेसन आणि दही लावायची. मावशी प्रेमानेच म्हणायची, “बाळ, मान जरा चोळत जा गं, साखळी उठून दिसत नाही.” एका पार्लरमध्ये ब्लीच झालं, दोन दिवस नुसती आग झाली आणि पट्टा होता तिथेच राहिला. मिसाला जाताना मी केस मोकळे सोडायचे. उन्हाळ्यातही.

पुढे गोव्यात शिकायला आल्यावर एका तपासणी शिबिरात डॉक्टरीणबाईंनी मान बघितली आणि घासण्याबद्दल एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “पाळी वेळेवर येते का? घरात साखर कुणाला आहे?” पाळी दोन-दोन महिने यायची नाही. पप्पांना साखर होती. रक्त तपासलं तर एचबीए१सी ५.९ निघालं, आणि पुढच्या तपासण्यांत पीसीओएस. मधुमेह नव्हता, पण त्या वाटेवर मी होते.

मग घरी फोन झाला. आजी बराच वेळ गप्प होती. शेवटी म्हणाली, “म्हणजे ते धुवायचं नव्हतंच गं.” त्या एका वाक्याने माझ्या अंगावरून केवढं तरी ओझं उतरलं.

चहात बुडवून चार-चार पाव खायची सवय कमी केली, रात्रीचं जागरण कमी केलं, संध्याकाळी मैत्रिणीबरोबर चालायला लागले. दीड वर्षाने आकडा ५.५ वर आला. पट्टा फिका झालाय, पूर्ण गेलेला नाही. केस मात्र मी आता वर बांधते.

७. घाबरायचं कधी

तरुण वयात, हळूहळू आलेल्या पट्ट्यामागे बहुतेक वेळा इन्सुलिनचीच गोष्ट असते. तिथे कॅन्सरची भीती धरायचं कारण नाही. पण पन्नाशी-साठीच्या माणसाला हा काळेपणा थोड्याच आठवड्यांत झपाट्याने आला, ओठांवर, तोंडात किंवा तळहातांवर पसरला, आणि सोबत वजन आपोआप उतरत असेल, तर लगेच डॉक्टरांकडे न्यावं. अशा वेळी पोटातला कॅन्सर, विशेषतः जठराचा, शोधावा लागतो. हे क्वचित घडतं, पण घरातल्या मोठ्यांसाठी माहीत असावं.

उलटही लक्षात ठेवायला हवं. पट्टा आहे म्हणजे मधुमेह आहेच असं नाही. पट्टा नाही म्हणजे मधुमेह नाही असंही नाही. ती खूण आहे, निकाल नाही.

८. करायचं काय

पट्टा दिसला तर पुढच्या गोष्टी पुरेशा आहेत :

• उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी तपासून घ्या. उपाशीपोटी १०० ते १२५, किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ आला तर मधुमेहाच्या आधीची पायरी. १२६ किंवा ६.५ आणि त्यावर गेला तर मधुमेह. तो दुसऱ्यांदा तपासून पक्का करतात.

• रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि गरजेप्रमाणे थायरॉइड बघतात. पाळी अनियमित असेल तर ते न लाजता सांगा.

• कमरेचा घेर मोजा.

• आठवड्यात मिळून १५० मिनिटं तरी भरभर चाला. चेन्नईत झालेल्या आणि २००६ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांना चालणं आणि आहार यांचा नीट सल्ला दिला गेला. मधुमेह होण्याचं प्रमाण त्यांच्यात सुमारे २८ टक्क्यांनी कमी राहिलं. औषध घेणाऱ्या गटातही साधारण तेवढाच फायदा दिसला.

• ताटातला भात-पाव थोडा कमी करून डाळ, उसळ, मासे, भाजी वाढवा. नुस्तें सोडायची गरज नाही. बाटलीतली थंड पेयं सोडायला हवीत.

• त्वचेसाठी मलम हवंच असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडून घ्या. जाड थर मऊ करणारी मलमं असतात, पण आतलं कारण तसंच राहिलं तर पट्टा परत येतो. फिका व्हायला महिने लागतात.

• घासू नका. घासण्याने कातडी चिडते आणि आणखी जाड होते.

९. पुन्हा शब्दाकडे

आता परत ‘मळ’ या शब्दाकडे येऊ. चरकसंहितेत प्रमेहाची, म्हणजे ज्यात आजचा मधुमेहही बसतो त्या रोगाची, आधी दिसणारी लक्षणं सांगितली आहेत. तोंड गोड लागणं, हातापायांची आग, तहान, आळस, यांच्यासोबत अंगावर मळ वाढणं हेही तिथे आहे. तो मळ म्हणजे हाच मानेवरचा पट्टा, असं म्हणायला आधार नाही. पण एक फरक बघण्यासारखा आहे. तिथे ‘मळ’ हा शब्द वैद्याने येणारा रोग ओळखण्यासाठी लिहिला. आपण तोच शब्द मुलाला बोल लावण्यासाठी वापरतो. शब्द एकच, पण एक माणूस तो लक्ष देण्यासाठी उच्चारतो आणि दुसरा लाज आणण्यासाठी.

अमेरिकेत टेक्सस राज्यात, मेक्सिकोच्या सीमेलगतच्या भागांत, शाळेतल्या परिचारिका मुलांच्या मानेची मागची बाजू मुद्दाम तपासतात आणि पट्टा दिसला तर पालकांना चिठ्ठी देतात, की मुलाची तपासणी करून घ्या. आपल्याकडे मान सगळेच बघतात. आजी बघते, मावशी बघते, मागच्या बाकावरचा मित्र बघतो. म्हणजे बघणारे डोळे आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांना पुढचं वाक्य तेवढं द्यायला हवं. “मान घास” याच्याऐवजी “एकदा साखर तपासून ये, मी येते बरोबर.” आणि हे चारचौघांत नाही, बाजूला घेऊन.

पुढच्या बैठकीसाठी एक छोटं काम सुचवते. आपापल्या घरी, मराठीत, कोकणीत, कन्नडमध्ये, मानेवरच्या या काळेपणाला काय काय म्हणतात ते शब्द वहीत लिहून आणा. प्रत्येक शब्दासमोर दोन रकाने आखा : ‘वर्णन’ आणि ‘आरोप’. कुठला शब्द कुठे जातो ते मिळून ठरवू. आणि शब्द विचारता विचारता घरच्यांना या लेखातली माहितीही सांगा. एखाद्या घरी तपासणीची वेळ त्यातूनच ठरेल.